आधी गज ऐक, मग गंधार

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार हायडनची क्वार्टेटं (दोन व्हायोलिनं, व्हियोला आणि चेलो यांच्या रचना) जुन्या वाद्यांवर ऐकायची आहेत, पण फरक कानाला कळेल का, असं तू विचारतोस. कळेल. फक्त अल्बमच्या वेष्टनावर काय छापलंय त्यावर विसंबू नकोस. आधुनिक क्वार्टेटमधली व्हायोलिनंही पुष्कळदा १८ व्या शतकातली असतात. पण एकोणिसाव्या शतकात त्यांची मान लांब आणि तिरकी झाली, पोटातली पट्टी जाड झाली आणि पुढे तारा धातूच्या आल्या. म्हणून वादकांच्या माहितीत वाद्य कधी बनलं ते शेवटी वाच. तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, आहेत का, तारांवर फिरवायचा गज कोणत्या घडणीचा आहे आणि सूर किती हर्ट्झचा, हे आधी शोध. यातलं काहीच छापलेलं नसेल तर जरा सावध राहावं.

सुरुवातीला एकच रचना घे: ओपस २० या संचातलं दुसरं क्वार्टेट, सी मेजर (म्हणजे सी हा षड्ज), १७७२ सालचं. चेलो आणि व्हियोला या दोघांचीही सर्वांत खालची मोकळी तार सीची, त्यामुळे या स्वरात वाद्यं भरून बोलतात आणि तातीचा गुण लगेच कानावर येतो. सुरुवातीची चाल चेलोकडे आहे, पहिलं व्हायोलिन तोवर गप्प. मोझाइक क्वार्टेट, बुडापेस्टचं फेस्टेटिक्स आणि कियारोस्कुरो या जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्या तीन चमूंची ध्वनिमुद्रणं मिळव. जोडीला धातूच्या तारांवरचं कोणतंही एक चांगलं असू दे. पूर्ण अल्बम लावू नकोस. पहिल्या भागाची पहिली दोन मिनिटं चौघांकडून ऐक.

आधी गज ऐक. आज सगळीकडे दिसणारा गज पॅरिसच्या तूर्त नावाच्या गज बनवणाऱ्या कारागिराने साधारण १७८५ च्या सुमारास घडवला. त्याआधीचे गज हलके, टोकाकडे कमी वजनाचे. त्यांच्यावर स्वर लावला की तो किंचित फुगतो आणि आपसूक विरतो. तूर्तच्या गजावर तोच स्वर शेवटपर्यंत एकसारखा ताणता येतो. म्हणून चेलोच्या त्या चालीत दोन स्वरांच्या मधली जागा ऐक. बोलताना शब्दाशब्दांत असते तशी फट असेल तर जुनी घडण. चाल एका श्वासात ओढल्यासारखी वाटली तर बहुधा गज नवा, मग तारा तातीच्या असोत वा नसोत. तारेपेक्षा गजाने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे. कित्येक वादक धातूच्या तारांवर जुना गज वापरतात आणि त्यांचं हायडन ऐकायला मजा येते.

मग गंधार. इथे तुझा तानपुऱ्यावर तयार झालेला कान कामाला येईल. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं). बोट हलवून कंप न देता चौघं एखाद्या लांब, शांत कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) थांबले की तोच गंधार हवा असतो. पण वाद्यं पंचमांत मिळवलेली असतात. सीपासून सलग चार पंचम अगदी शुद्ध घेत गेलास की व्हायोलिनच्या मोकळ्या ई तारेवर पोचतोस, आणि ती ई शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ २२ सेंट चढी निघते. म्हणून जाणते वादक प्रत्येक पंचम थोडा आवळतात, म्हणजे चेलोची सी किंचित वर घेतात. हे जमलेलं असेल तर कॉर्ड स्थिरावते आणि खाली एक खर्ज ऐकू येतो, जो कुणी वाजवत नसतं. जमलं नसेल तर कॉर्ड करकरीत लागते. त्याला 'जुन्या काळाचा अस्सलपणा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, तो बेसूरपणाच. मात्र चालीत गंधार मुद्दाम चढा घेतलेला आढळेल. ती चूक नाही, तो चालीचा ओढा.

ॲपवर तानपुरा लावून पडताळून पाहा. बरीच मंडळी ए स्वर ४३० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. तेव्हा षड्ज २५६ च्या जवळ धर, २६१ वर नको. ४४० पासूनचा हा फरक ४० सेंटचा, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांतल्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी. तरी कान फसतो: चढं ते चमकदार वाटतं आणि उतरलेलं मंद. दोन ध्वनिमुद्रणांमध्ये अर्धा मिनिट शांतता ठेव. सॉफ्टवेअरने सूर जुळवायला जाऊ नकोस, त्यात गजाची सुरुवातच पुसली जाते.

आवाजाची पातळी दर वेळी हाताने जुळव. तातीचा आवाज मुळात लहान, आणि जे मोठं ते आपल्याला चांगलं वाटतं. लांबीवरूनही लय ठरवू नकोस. कुणी दोन्ही पुनरावृत्त्या वाजवतात, कुणी एकच, त्यामुळे मिनिटं फसवतात.

कंपाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की जुन्या काळी तो नव्हताच. होता. लिओपोल्ड मोझार्टने (प्रसिद्ध संगीतकार मोझार्टच्या वडिलांनी) १७५६ च्या आपल्या व्हायोलिनच्या ग्रंथात वैताग काढलाय तो प्रत्येक स्वरावर कायमचा ताप भरल्यासारखं थरथरणाऱ्यांवर. दरबारीत गंधार आंदोलित असतो म्हणून कुणी षड्जही हलवत नाही. तेवढंच त्याचं म्हणणं. स्वराच्या सुरुवातीचा बारीक खरखराट मात्र तातीचा स्वभाव आहे, तो दोषात धरू नकोस. दमट हवेत तातीचा सूर हलतो, म्हणून ध्वनिमुद्रणात दर थोड्या वेळाने तारा पुन्हा मिळवाव्या लागतात. एखाद्या भागात मध्येच सूर जागा बदलल्यासारखा वाटला तर तिथे दोन वेगळी वादनं जोडलेली असण्याची शक्यता आहे.

शेवटचा भाग चार विषयांचा फ्यूग आहे, म्हणजे चार चाली वाद्यांतून पाठोपाठ येत एकमेकींत गुंफल्या जातात. हायडनने तो जवळजवळ अखेरपर्यंत दबक्या आवाजात वाजवायला सांगितलाय, शेवटी एकदम मोठा. धातूच्या तारांवर दबका आवाज धूसर होतो, चार विषय एकमेकांत मिसळतात. तातीवर गजाची सुरुवात स्पष्ट असल्याने कुजबुजीतही चौघं वेगळे कळतात. डोळे मिटून फक्त व्हियोलाचा माग काढ. जिथे तो हरवेल तिथली वेळ लिहून ठेव आणि आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या संकेतस्थळावरची स्वरलिपी समोर घेऊन तो तुकडा पुन्हा ऐक.

हे झालं की ओपस ३३ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या दुसऱ्या भागाकडे, स्केर्त्सोकडे वळ. त्याच्या मधल्या भागात हायडनने पहिल्या व्हायोलिनसाठी बोटंच अशी लिहिलीत की घसीट टाळता येत नाही. जुनी वाद्यं घेऊनही ही घसीट लाजून गाळणारे आहेत. तुझ्या हातातल्या प्रतीत ते बोटांचे आकडे नसतील तर दुसरी प्रत उतरवून घे, मग कोण काय करतं ते ऐक आणि मला कळव.

तुझा,
एक जुना श्रोता