‘वाटणे’ हे क्रियापद वाक्यात कसं वापरायचं? ‘काकांनी मला पेढे वाटले’ आणि ‘मी मित्रांना चॉकलेट वाटलो’ ही वाक्यं चूक का? आणि ‘वाटणी’ आणि ‘वाटप’ यात फरक काय?

पहिलं वाक्य वाचून मी एकटाच हसलो, कारण ‘मला पेढे वाटले’ एवढंच कुणी ऐकलं तर त्याचा अर्थ होतो की डब्यात होतं काहीतरी वेगळंच, मला आपले ते पेढे वाटले. ‘मला’ आलं की मराठी कान लगेच ‘मला वाटतं’ कडे वळतो. शिवाय वाटायला घेणारे एकाहून जास्त लागतात, एकट्याला देतात. म्हणजे काकांनी मला पेढा दिला, आणि वाड्यावरच्या सगळ्या मुलांना पेढे वाटले.

मी गोव्यातल्या फोंड्याकडचा, घरात कोकणी, शाळा मराठी, त्यामुळे हा घोळ माझाही झालेला आहे. कोकणीत ही भानगडच नाही. तिकडे वाटा देणं ते ‘वांटप’, नाकातून, मसाला वाटणं ते ‘वाटप’, आणि मनाला वाटणं याला तर शब्दच वेगळा, ‘म्हाका दिसता’. मराठीत तिन्ही एकाच ‘वाटणे’त येऊन बसलेत. जुन्या मराठी पुस्तकांत हिश्शाचं ‘वांटणें’ अनुस्वार देऊनच छापलेलं सापडतं (मूळ संस्कृत ‘वण्ट्’, म्हणजे भाग करणे, तिथला तो अनुस्वार), पण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले तेव्हा ही खूणही गेली. आता अर्थ ओळखायचा तो आजूबाजूच्या शब्दांवरून. ‘आईनं खोबरं वाटलं’ हे देवळात म्हटलं तर प्रसाद आणि स्वयंपाकघरात म्हटलं तर हुमणाचं (माशांच्या आमटीचं) वाटण!

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘मी वाटलो’ असं होत नाही, कारण भूतकाळात हे क्रियापद वाटणाऱ्याकडे बघतच नाही, जी वस्तू वाटली तिच्याकडे बघतं. चवथीला आई शेजारीपाजारी नेवऱ्या (करंज्या) देते ना, तेच घ्या. आज म्हणाल तर ‘आई नेवऱ्या वाटते’, काल म्हणाल तर ‘आईनं नेवऱ्या वाटल्या’, लाडू असले तर ‘लाडू वाटले’, साखर असली तर ‘साखर वाटली’, आणि आईच्या जागी बाबा आले तरी ‘बाबांनी नेवऱ्या वाटल्या’च. गोंधळ होतो तो ‘मी’मुळे, कारण आई-ला ‘नं’ लागतो आणि ‘मी’ला काहीच लागत नाही, तो तसाच कोरडा उभा राहतो आणि आपल्याला वाटतं की ‘मी गेलो, मी आलो’ तसं ‘मी वाटलो’. कोकणीतलं ‘हांवें नेवऱ्यो वांटल्यो’ आठवा, तिथे ‘हांव’चा ‘हांवें’ होतो म्हणून चूक होत नाही. मराठीत तो ‘वें’ मनातल्या मनात लावायचा.

यानंतरची चूक माझी स्वतःची. आमच्या आजोबांच्या घराची इन्व्हेंटरी झाली, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटायची कोर्टातली प्रोसेस. घर गेलं तिघांकडे, बाबा, काका आणि आत्या (आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे, त्यामुळे आत्याला वगळण्याचा प्रश्नच नव्हता). मी मोठ्या रुबाबात पुण्याच्या चुलतभावाला मेसेज टाकला, ‘जुनं घर शेवटी तिघांना वाटलं’. त्याचा रिप्लाय, ‘आणि बाकीच्यांना काय वाटलं, गोठा?’

तेव्हापासून लक्षात ठेवलंय. हातात देता येणारी वस्तू, पेढे, वह्या, पत्रिका, असली की ‘मुलांना वाटल्या’ चालतं. पण एकच वस्तू तोडून तिचे भाग करायचे असतील, घर, जमीन, कुळागर (सुपारीची बाग), तर ‘तिघांत’ किंवा ‘तिघांमध्ये’. आणि नुसतं ‘वाटलं’ म्हणण्यापेक्षा ‘वाटून’ घेऊन पुढे दुसरं क्रियापद लावलं की गैरसमजच होत नाही. आजोबांनी हयातीतच कुळागर वाटून दिलं. भावंडांनी घर आपसात वाटून घेतलं. पहिल्यात वाटणारा वेगळा आणि घेणारे वेगळे, दुसऱ्यात घेणारेच वाटणारे. ‘वाटून टाकलं’ म्हटलं की वर थोडी कटकट मिटल्याचा सूर येतो.

वाटणी आणि वाटप यातला फरक पण विचारलाय तुम्ही. पुस्तकी व्याख्या देत बसत नाही, पेपर वाचा. सरकार बनलं की खातेवाटप होतं, निवडणुकीआधी जागावाटप, बँका कर्जवाटप करतात, आमदार वह्यांचं वाटप करतात. खातेवाटणी कुणी म्हणत नाही (भांडणं तशीच असतात ती गोष्ट वेगळी). वाटणी ही घरातली, भावकीतली, आधी एकत्र होतं ते वेगळं करायची, म्हणून ‘त्यांच्या वाटण्या झाल्या’ एवढं म्हटलं तरी गावाला कळतं की चुली वेगळ्या झाल्या. अजून एक, ‘वाटप’ नपुंसक, त्यामुळे ‘वह्यांचं वाटप केलं’, ‘वह्यांचं वाटप केल्या’ नाही. ‘वाटणी’ स्त्रीलिंगी, ‘जमिनीची वाटणी केली’.

वाटा म्हणजे एकेकाला मिळालेला भाग. ‘माझ्या वाट्याला मागची खोली आली’ हे ठीक, पण ‘तिच्या वाट्याला जाऊ नको’ यात हिस्सा वगैरे काही नाही, तिची खोडी काढू नको एवढंच. दोन्हीकडे ‘वाट्याला’च, फक्त पुढे येणे की जाणे ते बघायचं. आमच्या आत्याच्या बाबतीत दोन्ही वाक्यं लागू पडतात.

तर तुमच्या वहीत दुसरं वाक्य असं लिहा, ‘मी मित्रांना चॉकलेटं वाटली’. मित्र एकच असेल तर सरळ ‘मित्राला चॉकलेट दिलं’. आणि एकच चॉकलेट दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं असेल तर ‘आम्ही दोघांनी चॉकलेट वाटून खाल्लं’.