स्टँड-अप कॉमेडीचा शो मुलांना दाखवावा की नाही, हे कसं ठरवायचं?

ट्रेलर बघून ठरवू नका. त्यात बहुतेकदा निवडक, सोवळे विनोद असतात. रेटिंग आधी बघा. अमेरिकन पद्धतीत टीव्ही-एमए म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलांसाठी कदाचित अयोग्य. पण नुसत्या रेटिंगवरून शिव्या चार आहेत की चारशे, हे कळत नाही.

म्हणून सबटायटल्स लावून मधली दहा आणि शेवटची पंधरा मिनिटं स्वतः बघा. बरेच कलाकार सुरुवात सौम्य ठेवतात आणि प्रेक्षक रंगले की धीट होतात.

मला स्वतःला शिव्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटते: हसतोय कोणावर? कलाकार स्वतःच्या फजितीवर हसत असेल तर एखादी शिवी मी चालवून घेते. पण कोणाचं वजन, रंग, तोतरेपणा यांवर हशा पिकत असेल तर नाही. माझा अकरा वर्षांचा मुलगा असंच एक वाक्य ऐकून आला आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या जाड मित्राला म्हणून मोकळा झाला. तो मित्र डबा न उघडताच घरी गेला.

तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांबरोबर मात्र शेजारी बसून बघा, आणि खटकलं तिथे शो थांबवून बोला.