‘हितासक्ती’ नको, ‘हितसंबंध’ घ्या

खानापूरहून विचारणा आली आहे: औषध-संशोधनाच्या कन्नड संमतिपत्राची मराठी प्रत करताना ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’साठी, म्हणजे डॉक्टरांचा स्वतःचा लाभ रुग्णाच्या हिताच्या आड येऊ शकतो त्या स्थितीसाठी, कन्नडातला ‘हितासक्ती संघर्ष’ तसाच ठेवला तर चालेल का?

नाही चालणार. सीमाभागात दोन्ही भाषा कानावरच्या, म्हणून हा घोटाळा सहज होतो. कन्नडात ‘आसक्ती’ म्हणजे रस, आवड, क्रिकेटचीही असते. मराठीत ती सुटता न सुटणारी ओढ. ‘डॉक्टरांना कसलीही आसक्ती नाही’ हे मराठी वाचकाला वैराग्याचं वाक्य वाटेल, पैशाचा विचारही त्याच्या मनात येणार नाही.

‘हितसंघर्ष’ वर्तमानपत्रांत रुळलाय. पण संघर्ष म्हटला की दोन पक्ष आले; इथे माणूस एकच, रुग्णाचं हित आणि स्वतःचा लाभ दोन्ही त्याच्याच पदरात. शिवाय संघर्ष झाला की नाही हे संशोधकाने ठरवायचंच नसतं. त्याने संबंध सांगायचा, तोलायचं वाचकाने. म्हणून ‘हितसंबंध’ घ्यावा.

क्रियापद मात्र जपून. ‘कबूल करणे’त गुन्हा येतो, ‘उघड करणे’त लपवाछपवी, मग लिहिणारा बिचकतो आणि ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. ‘जाहीर करणे’ बरं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा अर्ज लेख लिहिणाऱ्या संशोधकाला मागच्या 36 महिन्यांतलं विचारतो: मानधन, सल्ल्याची फी, प्रवासखर्च, पेटंट, शेअर, मिळालेली औषधं-उपकरणंसुद्धा. त्याच अभ्यासासाठी मिळालेल्या मदतीला तर 36 महिन्यांची मर्यादाही नाही, आखणीपासूनचं सगळं लिहायचं. न लिहिल्याने काय होतं? एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीवर संशय घेणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या 1998च्या लेखात, लस कंपन्यांविरुद्ध दावा लढणाऱ्या वकिलांमार्फत आलेल्या पैशाचा उल्लेख नव्हता. ते बाहेर आलं 2004 साली. तोवर कित्येक आईबापांनी लस टाळली होती.

संमतिपत्रात तर ‘हितसंबंध’ही जड पडतो. तिथे सरळ लिहा: ‘या अभ्यासाचा खर्च अमुक कंपनी करते. गोळ्या तीच पुरवते. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना तिच्याकडून व्याख्यानाचं मानधन मिळालं आहे.’

मग ही मराठी प्रत, मूळ कन्नड न पाहिलेल्या माणसाकडून उलट कन्नडात करून घ्या. ‘आसक्ती’ ठेवली असेल, तर परतताना तिचा ‘मोह’ झालेला दिसेल.