लेकीचं कर्ज फेडायला ठाण्याचा फ्लॅट विकू नका

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी पत्र लिहिलंय. त्यांची लेक या मे महिन्यात लॉ स्कूलमधून पदवी घेऊन बाहेर पडते आहे. शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून घेतलेलं कर्ज १,८०,००० डॉलर, व्याज सरासरी ८.३ टक्के. शिवाय वकिलीची सनद देणाऱ्या बारच्या परीक्षेच्या तयारीसाठी एका खासगी बँकेकडून घेतलेले १२,००० वेगळेच. लेकीला राज्याच्या पब्लिक डिफेंडर ऑफिसात, म्हणजे ऐपत नसलेल्या आरोपींना सरकारतर्फे वकील देणाऱ्या कचेरीत, ७८,००० पगाराची नोकरी मिळाली आहे आणि तिला तीच करायची आहे. वडिलांचं म्हणणं, ठाण्याचा फ्लॅट विकून पोरीच्या डोक्यावरचं ओझं एकदाचं उतरवू. भाचा म्हणतो, खासगी बँकेकडे रिफायनान्स करा, म्हणजे तिथून नवं कर्ज घेऊन हे जुनं फेडा, सहा टक्क्यांनी मिळेल. लेक म्हणते, कोणी काही करू नका, दहा वर्षांनी माफ होईल. ताई विचारतात, "कोणाचं ऐकू?"

ताई, लेकीचं ऐका. मात्र तिने "माफ होईल" हे जितक्या सहज म्हटलंय तितक्या सहज ते होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मिस्टरांचं दुखणं मला कळतं. मीही त्याच घरात वाढलोय. पगार झाला की आधी हप्ता, मग किराणा. वडिलांनी सोसायटीचं कर्ज मुदतीच्या तीन वर्षं आधी फेडलं, त्या दिवशी घरात पेढे आले होते. त्यामुळे "जितकं कमी भरता येईल तितकं कमी भरा" हा सल्ला देताना मलाही आतून बरं वाटत नाही. पण तुमच्या लेकीचं कर्ज त्या जातीचं नाही, आणि ते तसं समजून वागलं तर तुमचं मोठं नुकसान होईल.

अमेरिकेत २००७ साली एक कायदा झाला. सरकारी नोकरीत किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेत पूर्णवेळ काम करणाऱ्याने आपल्या फेडरल डायरेक्ट लोनचे, म्हणजे केंद्र सरकारने थेट दिलेल्या कर्जाचे, १२० पात्र हप्ते भरले, की उरलेलं सगळं कर्ज माफ. यालाच पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिवनेस म्हणतात, बोलीत पीएसएलएफ. हप्ते सलग असावे लागत नाहीत, आणि माफ झालेल्या रकमेवर केंद्राचा इन्कम टॅक्सही लागत नाही. आता यातली मेख बघा. हप्ता किती असावा हे कर्जावर ठरत नाही, उत्पन्नावर ठरतं. आयबीआर नावाच्या योजनेत तिच्या उत्पन्नातून दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम वजा करतात आणि उरलेल्याचे १० टक्के वर्षाला घेतात. ७८,००० पगारावर हा हप्ता महिन्याला साधारण ४५० डॉलर येतो. हेच कर्ज सरळ दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिना २,२१० डॉलर, म्हणजे एकूण २,६५,००० च्या वर. भाच्याच्या सहा टक्क्यांनीही हप्ता २,००० च्या आसपासच राहतो.

पगार दरवर्षी थोडाथोडा वाढेल असं धरून मी आयबीआरचे दहा वर्षांचे हप्ते मांडले. बेरीज ६०,००० च्या आसपास आली. बाकीचं माफ.

आता जी गोष्ट तुम्हाला झोपू देणार नाही ती आधीच सांगतो. वर्षाला व्याजच जवळपास १५,००० होतं आणि लेक भरणार त्याच्या एक तृतीयांश. म्हणजे कर्जाच्या वेबसाइटवरचा आकडा दरवर्षी वाढताना दिसेल. पाचव्या वर्षी तो सव्वादोन लाखांच्या पुढे गेलेला असेल, दहाव्या वर्षी दोन लाख सत्तर हजारांच्या घरात. एखाद्या रविवारी मिस्टर तो स्क्रीन बघतील आणि म्हणतील, "बघ, मी सांगत होतो." तेव्हा त्यांना एवढंच सांगा, की तो आकडा तिला भरायचाच नाहीये. तिने बघायचा आकडा दुसरा आहे, १२० पैकी किती झाले.

भाच्याच्या सल्ल्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. रिफायनान्स केलं की फेडरल कर्ज संपतं आणि खासगी कर्ज सुरू होतं. खासगी कर्जाला पीएसएलएफ नाही, आणि परतीची वाटही नाही. माझ्याकडे एक सरकारी वकील आला होता. २०१६ च्या नोव्हेंबरपासून त्याचे हप्ते नियमित चालू होते, ३८ भरून झाले होते. २०१९ च्या डिसेंबरात दोन टक्के व्याज वाचतं म्हणून त्याने रिफायनान्स केलं. ३८ चे शून्य झाले. तीनच महिन्यांनी कोविड आला आणि सरकारने फेडरल कर्जांचे हप्ते २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत थांबवले. व्याज शून्य, आणि तो प्रत्येक न भरलेला महिना पीएसएलएफच्या मोजणीत धरला गेला. त्याच्या सहकाऱ्यांना हे सगळं मिळालं. तो मात्र दर महिन्याला पूर्ण हप्ता भरत राहिला. हात लावला नसता तर यंदाच्या ऑक्टोबरात त्याचे १२० पूर्ण झाले असते. माझ्या टेबलावर त्याने कागद पसरले तेव्हा ३८ हा आकडा त्याने पेनने गोल करून आणला होता.

फ्लॅटचं गणितही नीट बघू. तुम्ही लिहिता की २००६ साली १८ लाखांना घेतलेला फ्लॅट आज १ कोटी २० लाखांना जाईल. भारतात न राहणाऱ्याला इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा, पर्याय नाही, सुमारे एक कोटीच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, वर सेस. तिथे टॅक्स कमी कापण्याचं, लोअर डिडक्शनचं सर्टिफिकेट आधी काढलं नाही, तर घेणारा नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर टीडीएस कापेल आणि परतावा मिळेपर्यंत तुम्ही वाट बघत बसाल. इकडे तुम्ही दोघं अमेरिकन नागरिक, म्हणजे तोच नफा इथेही दाखवायचा. तिकडे भरलेल्या टॅक्सचं श्रेय केंद्राच्या रिटर्नमध्ये मिळेल, पण न्यू जर्सी राज्य परदेशात भरलेल्या टॅक्सचं श्रेय देत नाही. एवढं सगळं करून हातात येईल ती रक्कम कर्जाला पुरणारच नाही. आणि ती जाणार कुठे, तर ज्या कर्जाचा मोठा भाग सरकार माफ करणार होतं तिथे. मिस्टर ५९ वर्षांचे आहेत, तुमची निवृत्ती दारात उभी आहे. त्या फ्लॅटचं भाडं तुम्हाला पुढची वीस वर्षं लागणार आहे.

वडिलांना काहीतरी करायचंच असेल, तर बारच्या तयारीचं ते १२,००० चं खासगी कर्ज फेडून टाका. ते कधीच माफ होणार नाही आणि त्याचं व्याज सर्वांत बोचरं असतं. या वर्षी एका माणसाला १९,००० डॉलरपर्यंत भेट देता येते, गिफ्ट टॅक्सचा फॉर्मही भरावा लागत नाही. हे नक्की करा, आणि लगेच करा.

आता पत्रासोबत आलेल्या लेकीच्या लॉ स्कूलच्या पत्रकाबद्दल. सार्वजनिक सेवेत जाणाऱ्या पदवीधरांचे हप्ते भरायला मदत करणाऱ्या लॉ स्कूलांच्या योजनांना एलआरएपी म्हणतात. हार्वर्डने १९७८ साली पहिली सुरू केली, आज अनेक मोठ्या लॉ स्कूलांकडे आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्रकाप्रमाणे उत्पन्न ८५,००० पर्यंत असेल तर आयबीआरचा पूर्ण हप्ता कॉलेज देणार. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं लेकीच्या खिशातून जवळपास काहीच जाणार नाही! मात्र हा पैसा बक्षीस म्हणून येत नाही, कर्ज म्हणून येतो. ठरलेला काळ नोकरी टिकली की ते कर्ज कॉलेज माफ करतं. मध्येच सोडली तर तेवढा भाग परत. अशी माफी करपात्र नाही हे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. पत्रकाच्या शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर तुम्ही वाचला नसावा. तिथे अर्जदाराच्या नावावरची मालमत्ता धरली जाईल असं लिहिलंय. म्हणून फ्लॅटचे पैसे "निदान तिच्या खात्यात टाकून ठेवू" हा तुमच्या पत्रातला दुसरा विचारही सोडून द्या.

लग्नाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण मला काढावाच लागेल. लग्नानंतर दोघांनी टॅक्स रिटर्न एकत्र भरला तर नवऱ्याचा पगारही धरला जातो आणि हप्ता एकदम वर जातो. वेगवेगळा भरला तर फक्त तिचा पगार. वेगळा भरल्याने टॅक्स थोडा वाढतो, पण बहुतेक वेळा हप्त्यात वाचतं ते जास्त असतं. त्या वर्षी दोन्ही प्रकारे गणित करून बघायचं.

यंदा तारखांना फार महत्त्व आहे. १ जुलै २०२६ पासून नवे नियम लागू होतात. पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्राचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या विद्यार्थ्यांना बंद, आणि वकिलीसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० व एकूण २,००,००० ची मर्यादा. परतफेडीची आरएपी नावाची नवी योजनाही त्याच दिवसापासून. आरएपीमध्ये दारिद्र्यरेषेची वजावट नाही, पूर्ण उत्पन्नावर १ ते १० टक्के. आज ७८,००० वर दोन्हींचा हप्ता जवळपास सारखा येतो, पण पगार ९५,००० झाला की आरएपीचा हप्ता ७१० च्या पुढे जाईल आणि आयबीआरचा ६०० च्या आत राहील. लेकीची सगळी कर्जं आधीची आहेत म्हणून तिला आयबीआर खुली आहे. पण तिने १ जुलैनंतर कर्जांचं एकत्रीकरण केलं, किंवा पुढे एलएलएमसाठी नवं फेडरल कर्ज घेतलं, तर ते दार बंद होऊ शकतं. कर्ज देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर "सगळी एकत्र करून देऊ का" असं गोड विचारेल. तिने नाही म्हणायचं.

आयबीआरचा अर्ज करताना मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न लागतो. २०२५ मध्ये लेकीची कमाई फक्त उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची, म्हणजे पहिल्या वर्षाचा हप्ता शून्य येण्याची चांगलीच शक्यता आहे. शून्याचा हप्ताही १२० मध्ये मोजला जातो. रिटर्न अजून भरला नसेल तर आज भरायला सांगा.

आता भरवशाचा प्रश्न. मिस्टर विचारतील, सरकारने शब्द फिरवला तर? रास्त शंका आहे. २०१७ मध्ये पहिल्या लोकांची दहा वर्षं भरली तेव्हा सुरुवातीच्या शंभरातले नव्व्याण्णव अर्ज फेटाळले गेले होते. कोणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं, कोणाची हप्त्याची योजना चुकीची, कोणाच्या नोकरीचा कागद नाही. नंतर दुरुस्त्या झाल्या आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांची कर्जं माफ झाली. गेल्या वर्षीच्या कायद्यात इतकं काही बदललं, तरी पीएसएलएफ टिकली. नव्याने आलेला धोका आहे तो मुख्यतः धर्मादाय संस्थांना. ज्या संस्थेचा हेतू बेकायदा ठरवला जाईल तिला शिक्षण खातं यादीतून काढू शकेल असा नियम याच १ जुलैपासून येतोय, आणि बरीच राज्यं व शहरं त्याविरुद्ध कोर्टात गेली आहेत. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत ती जात असती तर मी तुम्हाला जास्त सावध केलं असतं. राज्य सरकारच्या ऑफिसात हा धोका मला बराच कमी दिसतो.

खरा धोका वेगळा आहे, आणि तो तिला विचारूनच कळेल. ती दहा वर्षं टिकेल का? हे काम माणसाला दमवतं. एकेका वकिलाकडे फायलींचा ढीग, सकाळी कोर्टाबाहेरच्या बाकावर आरोपीशी दहा मिनिटं बोलून आत जायचं. चौथ्या वर्षी तिने सोडलं तर कर्ज २,२०,००० च्या थोडं पुढे असेल, म्हणजे आजच्यापेक्षा चाळीसेक हजारांनी जास्त. शिवाय एलआरएपीचा काही भाग परत. मोठ्या फर्ममध्ये नव्या वकिलाला २,२५,००० पगार मिळतो, तिथे गेली तर ती हे फेडेल. दमून घरी बसली तर अवघड. त्यासाठी तुम्ही दोघं, तुमच्याच नावावर, महिना ५०० डॉलर बाजूला टाकत चला. चार वर्षांत २४,००० आणि वर व्याज. दहा वर्षं निभावली तर ते पैसे तुमच्या निवृत्तीचे.

आणि ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "एवढं शिकून चोरांची वकिली." १९६३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने गिडियन खटल्यात सांगितलं, की गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाची ऐपत नसेल तर सरकारने त्याला वकील द्यायचा. तुमच्या लेकीची खुर्ची त्या निकालामुळे आहे. तिच्यासमोर येणारे सगळेच चोर नसतील. ज्याच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत, ज्याला इंग्रजी येत नाही असा माणूसही येईल, कधी आपल्या गावाकडचाही. पीएसएलएफ आहे ती अशी माणसं त्या खुर्चीवर बसावीत म्हणूनच. ती मदत घेण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

नोकरीचं पत्र हातात आलं की ऑफिसकडून मालकाचा ईआयएन, म्हणजे टॅक्ससाठीचा ओळख नंबर, घेऊन तो केंद्राच्या स्टुडंटएडच्या वेबसाइटवरच्या शोधात टाकून बघायला सांगा. तिथे ऑफिस पात्र दिसलं पाहिजे. मग दरवर्षी, वाढदिवसाच्या आठवड्यात म्हणा, म्हणजे विसरणार नाही, नोकरीच्या दाखल्याचा फॉर्म ऑफिसकडून सही करून घ्यायचा आणि मोजलेल्या हप्त्यांचं पान छापून फायलीत लावायचं. ती फाइल तुमच्या घरी राहू द्या. मिस्टरांकडे द्या, ते नीट सांभाळतील.