ग्रीसच्या केआ बेटावरची चार प्राचीन नगरं आज कुठे आहेत?

दोन जागांवर आजही गावं नांदतात: डोंगरातलं इउलिस म्हणजे सध्याचं मुख्य गाव इउलिदा आणि कोरेसिया म्हणजे बोट लागते ते कोरिसिया बंदर. पश्चिमेच्या पोइएसाची खूण पिसेस खाडीच्या नावात उरली आहे. आग्नेयेचं कार्थेया मात्र ओसाड आहे; समुद्रालगत अपोलोच्या देवळाचे अवशेष आहेत, तिथे पायवाटेने किंवा बोटीनेच जावं लागतं. जेमतेम १३० चौरस किलोमीटरच्या बेटावर चार स्वतंत्र नगरराज्यं, हे खरंच विलक्षण! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की कोरेसियाचे लोक इउलिसला आणि पोइएसाचे कार्थेयाला जाऊन त्याच्या काळी दोनच नगरं उरली होती. म्हणून आजच्या बंदराची जागा जुनी असली, तरी वस्ती प्राचीन काळापासून सलग आहे असं धरू नका.