एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या धाकट्यांसाठी

बारावीपर्यंत शिक्षक मागे लागायचे. इथे कुणी लागत नाही, आणि घात तिथेच होतो. पहिल्या सेमिस्टरला मी कट्ट्यावरच पडीक असायचो. ७५ टक्के हजेरी भरेना, मग ऑफिसात हातापाया पडलो. जर्नलवर, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीवर, सही त्याच आठवड्यात घे. पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, फक्त सिलॅबस बदललेला नाही ना ते बघ. पीएमपीचा, म्हणजे सिटी बसचा पास काढ.

आणि इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यावरून गेलं, तर तास संपल्यावर सरांना गाठ. मराठी माध्यमाचा म्हणून मी वर्षभर तोंड उघडलं नाही. सर मराठीतून समजावायला एका पायावर तयार होते, हे मला एटीकेटी लागल्यावर, म्हणजे विषय राहूनच पुढच्या वर्षात गेल्यावर कळलं.