बाबांचा लॅपटॉप उघडायचाय, पासवर्ड कुणालाच माहीत नाही

प्रश्न : माझे बाबा मार्चमध्ये अचानक गेले. रिटायर झाल्यापासून ते लॅपटॉपवर आमच्या घराण्याची वंशावळ आणि स्वतःच्या आठवणी टाईप करत होते, जुने फोटोही स्कॅन करून ठेवलेत. पासवर्ड कुणालाच सांगितला नव्हता. दादाने आणि मी सगळ्यांच्या जन्मतारखा, गाडीचा नंबर, कुलदैवताचं नाव सगळं टाकून बघितलं. शेवटी दुकानात दिला तर ते म्हणाले विंडोज नवीन टाकून देतो, लगेच चालू होईल. आई म्हणते एफडीची माहितीपण त्यातच असणार. काय करू? आणि असं उघडणं कायद्याने चालतं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आज पहिलं काम म्हणजे लॅपटॉप त्या दुकानातून घरी आणा. नवीन विंडोज टाकताना बहुतेक दुकानं डिस्क फॉरमॅट करतात, म्हणजे लॅपटॉप चालू होईल पण बाबांनी लिहिलेलं जाईल. जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून नंतर काही थोडंफार निघू शकतं, पण एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली नवी डिस्क, असेल तर पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते, मग रिकव्हरीवाल्याकडे नेऊनही सहसा हाती काही लागत नाही. आणि आता अंदाजाने पासवर्ड टाकणंही थांबवा.

लॉगिनचा पासवर्ड आणि डिस्कवरच्या फायली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, नसेल तर पासवर्ड न मोडतासुद्धा फायली कॉपी करता येतात. उबुंटू ही विंडोजसारखीच फुकट मिळणारी सिस्टीम आहे, तिचा पेनड्राइव्ह बनवायचा, लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करायचा, ‘ट्राय’ निवडायचं आणि ‘इन्स्टॉल’ला अजिबात हात लावायचा नाही, मग बाबांची डिस्क उघडून युजर्स फोल्डरमधलं त्यांच्या नावाचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचं. किंवा डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. हे जमणारा माणूस तुमच्या गावातही मिळेल, फक्त त्याला स्पष्ट सांगा की आधी कॉपी, बाकी सगळं नंतर, आणि तो करत असताना शेजारी बसा.

कॉपी करताना एक गोष्ट हमखास राहते. बाबा मराठी कशात टाईप करायचे? त्या पिढीतले बरेच जण श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी असले फॉन्ट वापरायचे, त्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि घरच्यांना वाटतं फाईल खराब झाली. ती खराब नसते, फॉन्ट नसतो. म्हणून विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरसुद्धा सोबत घ्या. नंतर ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, बदलून मिळतं.

आता अवघड भाग. अलीकडचा लॅपटॉप असेल आणि त्यात मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन असेल तर डिस्क बहुतेक एनक्रिप्टेड असते, वापरणाऱ्याला कळतही नाही. मग उबुंटूतून उघडायला गेलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर कुठलंही दुकान, कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, पैसे घेऊन करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ती शोधा : लॅपटॉपच्या बिलासोबतचे कागद, डायऱ्या, जुने पेनड्राइव्ह. बहुतेक वेळा ती बाबांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते आणि तिथपर्यंत जायला ओटीपी लागतो, म्हणून बाबांचं सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. घरातले लोक शोकात असताना पहिलं सिमच बंद करतात आणि पुढची सगळी दारं तिथेच बंद होतात, हे मी फार वेळा बघितलंय.

दुकानदार पासवर्ड काढून टाकतो म्हणाला तर तेही कॉपीनंतरच. लोकल अकाउंटचा (म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटला न जोडलेल्या, फक्त त्या लॅपटॉपवरच्या लॉगिनचा) पासवर्ड बाहेरून जबरदस्तीने बदलला तर विंडोजने एनक्रिप्ट केलेल्या फायली आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात.

कायद्याचं म्हणाल तर लॅपटॉप ही वस्तू आहे, ती वारसांकडे येते. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा, तुम्ही आणि आजी हयात असतील तर त्याही, सगळे पहिल्या वर्गातले वारस. आयटी कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर उघडण्याबद्दल बोलतं, म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा एक साधा कागद करा आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. ऑनलाइन अकाउंटची गोष्ट मात्र वेगळी, ती कंपनीच्या अटींवर चालतात, तिथे वारसा आपोआप लागू होत नाही. काही अडलं तर वकिलाला विचारा.

आणि आईंना सांगा, एफडी लॅपटॉपमध्ये नसते, बँकेत असते. बाबांच्या नावाने नेटबँकिंग उघडायला जाऊ नका, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची कागदपत्रं घेऊन शाखेत जा. कुठल्या बँकेत आहे हेच माहीत नसेल तर इन्कम टॅक्स पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करा, तिथल्या वार्षिक माहितीत व्याज देणाऱ्या बँका दिसतात. दहा वर्षं कुणी विचारलंच नाही अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात. पतसंस्थेच्या ठेवी मात्र तिथे सापडणार नाहीत, त्यासाठी कपाटातल्या पावत्याच चाळाव्या लागतील.

प्रश्न : माझं वय ७१. माझ्यामागे मुलांवर अशी वेळ येऊ नये म्हणून आत्ता काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, लॅपटॉप एनक्रिप्टेड असेल तर रिकव्हरी कीची प्रिंट काढा, लॉगिनचा पासवर्ड कागदावर लिहा, दोन्ही एका पाकिटात घालून पासबुकांच्या डब्यात ठेवा आणि ते कुठे आहे हे दोघांना सांगून ठेवा. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, ते अनेकांच्या हातात जातं. आणि मृत्युपत्र लॅपटॉपमध्ये टाईप करून ठेवलं असेल तर ते मृत्युपत्र धरलं जात नाही, कागदावर तुमची सही आणि दोन साक्षीदार हवेतच.

गुगलमध्ये ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून सोय आहे, तुम्ही ३ ते १८ महिने अकाउंट वापरलं नाही तर तुम्ही ठरवलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा जणांना, फोटो-मेल वगैरे मिळतं. हे नक्की करा, कारण दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गुगल पुसून टाकू शकतं. आयफोन किंवा मॅक असेल तर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे तुमच्यामागे अ‍ॅपल अकाउंटमधली माहिती मिळणारा माणूस, नेमा, त्याची चावी छापून त्याच पाकिटात ठेवा. नातवाला सोबत घेऊन बसलात तर हे सगळं एका दुपारी होतं.